विधान क्रमांक २३

पोळ्याला दोन दिवस उरले होते. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत आठवीच्या वर्गात मी उभी होते आणि एकेचाळीस मुलं माझ्या पीएच.डी.साठीची, मुलांच्या मनावरचा ताण मोजणारी प्रश्नावली भरत होती. २०२३ चा सप्टेंबर. पावसानं अशी ओढ दिली होती की खिडकीतून दिसणारं सोयाबीन गुडघ्यापर्यंतही आलं नव्हतं. बाहेर पोषण आहाराची खिचडी शिजत होती, फोडणीचा वास वर्गात भरला होता आणि पुढच्या बाकावरची मुलं दर चार-पाच विधानांनंतर दाराकडं बघत होती. मागच्या बाकावर दोघांत मिळून एकच खोडरबर होतं, ते इकडून तिकडं सरकत होतं. सूचना मी वाचून दाखवल्या होत्या, त्याही शब्दशः, कारण प्रत्येक शाळेत त्या अगदी सारख्याच वाचल्या जायला हव्यात असा नियम आहे. ही परीक्षा नाही, तुमचे पेपर शिक्षकांना दाखवले जाणार नाहीत, एकही विधान रिकामं सोडू नका. तेवढ्यात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हातात कागद, पेन्सिल कानावर. म्हणाला, "मॅडम, ह्ये तेवीस नंबरचं. झोप लागतच नसंल तर 'कधीच नाही'वर करायची खूण का 'नेहमी'वर?"

कुणीतरी खुदकन हसलं. मी त्याच्याकडं बघितलं आणि चार वर्षांत पाठ झालेलं वाक्य म्हटलं, "तुला जे वाटतं तिथं खूण कर. यात चूक किंवा बरोबर असं काही नसतं." तो क्षणभर तसाच उभा राहिला. अजून काहीतरी येईल असं त्याला वाटलं असावं. मग बसला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि खूण केली.

मी पुढच्या रांगेत गेले.

त्या दिवशी संध्याकाळी तालुक्याच्या गावी लॉजवर बसून मी नोंदी भरायला घेतल्या. ट्यूबलाइट मधूनच फुरफुरत होती, खाली एसटी स्टँडवरच्या घोषणा चालू होत्या. प्रत्येक कागदावर नाव नसतं, चार आकडी क्रमांक असतो. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची असते; त्या पुनर्चाचणीत तोच मुलगा जुळवता यावा म्हणून क्रमांकांची यादी फक्त माझ्याकडं, वेगळ्या वहीत. त्याचा क्रमांक ०११७. विधान २३: मला रात्री शांत झोप लागत नाही. पाच खाने: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. त्यानं पहिल्या खान्यात खूण केली होती. पेन्सिल इतकी दाबून की मागच्या पानावर उठलेली. माझ्या गुणांकनाप्रमाणं पहिल्या खान्याला १ गुण, म्हणजे त्रास अजिबात नाही. ज्या मुलानं भर वर्गात उभं राहून मला झोप लागत नाही असं सांगितलं, तो माझ्या तक्त्यात त्या वर्गातल्या सगळ्यात निवांत झोपणाऱ्या मुलांच्या रांगेत जाऊन बसला.

मी कितीतरी वेळ त्या एकच्या आकड्याकडं बघत होते. तो बदलून ५ करणं एका बोटाचं काम होतं. पण कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतीचा पेपर सगळ्यांनाच असतो. न केलेलं दाखवणं, असलेलं बदलणं, दुसऱ्याचं आपलं म्हणणं, हे तीन गुन्हे मी स्वतः परीक्षेत नीट लिहून आले होते. उत्तर देणाऱ्यानं जे दिलं ते दिलं. आकडा तसाच ठेवला. शेजारच्या डायरीत लिहिलं, '०११७ — २३ बद्दल विचारलं होतं.' एवढंच लिहिलं. काय विचारलं ते लिहिलं नाही, मी काय उत्तर दिलं तेही नाही.

पुढचे कित्येक दिवस मला वाटत राहिलं की तो गोंधळला. मुलांचं असं होतं, गावाकडच्या मुलांना असे खाने भरायची सवय नसते, असं आम्ही एकमेकांत म्हणतोही. मग एका रात्री भांडी घासताना मला त्याचं वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि हात थांबला. गोंधळ त्याचा नव्हताच. मराठीत 'कधीच' हा शब्द नकाराचा हात धरूनच येतो. तो कधीच येत नाही. ती कधीच रडत नाही. मला कधीच झोप लागत नाही. कुणी म्हणालं 'मला झोप लागत नाही' आणि आपण विचारलं 'कधीच नाही?', तर ते आधीच्या नकाराला खोडत नाही, उलट घट्ट करतं. इंग्रजीत 'नेव्हर' येऊन आधीच्या 'नॉट'ला कापून टाकतो. माझे पाच खाने देवनागरीत छापलेले होते, पण वाचायचे होते इंग्रजी डोक्यानं. मी ते तसेच वाचत होते. प्रश्नावली तपासणाऱ्या माझ्या सात तज्ज्ञांनीही तसेच वाचले. त्यांतल्या प्रत्येकानं एम.ए. इंग्रजी पुस्तकांवर केलेलं. उलट भाषांतर करून, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून, तपासलं तेव्हा इंग्रजी वाक्य तंतोतंत परत आलं, कारण भाषांतर करणारीही आमच्यातलीच. मराठी वाचणारा पहिला माणूस त्या तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या मुलाच्या रूपानं उभा राहिला आणि त्यानं नेमकी शंका काढली.

हे विधान आलं कुठून, हेही सांगायला हवं. मी माझी मापनश्रेणी, म्हणजे ही प्रश्नावली, तयार केली ती आधी मुलांशी बोलून. पहिल्या वर्षी चार शाळांमधल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांचे शब्द अजून वहीत आहेत. करमत नाही. जीव खालीवर होतो. कसंतरीच होतं. डोकं उठतं. पोटात गोळा येतो. एक मुलगी म्हणाली होती, "रात्री मधीच जाग येती आन् मग उजाडूस्तोवर पत्रे मोजायचे." मी वहीतून विधानात आणताना ते 'रात्री मला मध्येच जाग येते' असं केलं होतं. एका तज्ज्ञांनी बाजूला लिहिलं, 'भाषा प्रमाण करावी, आशय व्यापक करावा.' मी केली. 'जाग येते' गेलं, 'शांत झोप लागत नाही' आलं. पत्रे तर कुठल्या कुठं राहिले. त्या शेऱ्याचा मला राग नाही. शेरा देणाऱ्यानं शिकलेलंच सांगितलं, मीही शिकलेलंच ऐकलं. पण 'उदास' या शब्दावर दोन तास वाद घालणाऱ्या आम्ही सगळ्यांनी 'कधीच नाही' या दोन शब्दांवर दोन मिनिटंही घालवली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

पाच खान्यांची ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांची. १९३२ साली त्यांनी ती मांडली, तीही कोलंबिया विद्यापीठातल्या स्वतःच्या पीएच.डी.च्या प्रबंधात. त्यांच्यासमोर होते कॉलेजातले विद्यार्थी आणि विषय होता मतांचा: मान्य, अमान्य, त्यातल्या पायऱ्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेलं रूपांतर प्रसिद्ध झालं. 'बिने-कामत' हे जोडनाव आपल्याकडं शाळेतून बुद्ध्यंक काढून आणायला पाठवलेल्या कितीतरी पालकांना माहीत असतं. पुढं नागपुरात ए. जे. मालिन यांनी वेश्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप केलं. ग्रंथालयात हे सगळं वाचताना मला नेहमी एकच कुतूहल वाटायचं. धारवाडकडच्या त्या मुलांनी कामतांना काय काय विचारलं असेल? एखादी मुलगी म्हणाली असेल का, की मास्तर, ह्याला आमच्यात असं म्हणत नाहीत? लेखात उरतात ती वयं, सरासऱ्या, कितव्या वर्षाच्या मुलाला कुठली कृती जमते त्याचे तक्ते. मुलांचे प्रश्न उरत नाहीत. माझ्याही प्रबंधात उरणार नव्हते.

एम.ए.ला समुपदेशन मानसशास्त्र होतं तेव्हा आम्हाला प्रात्यक्षिक होतं आणि एक बाई होत्या. त्या प्रत्येक सत्राचं शब्दन् शब्द लिहून मागायच्या. अशील, म्हणजे आपल्याकडं बोलायला आलेला माणूस, काय म्हणाला, आपण काय म्हणालो, मधे किती सेकंद शांतता होती, तेही. मी एका कॉलेजच्या मुलीचं सत्र लिहून नेलं होतं. ती म्हणाली होती, "घरी गेलं की मला आत जावंसंच वाटत नाही, मी जिन्यातच बसते." आणि मी म्हटलं होतं, "प्रत्येकाला कधी ना कधी असं वाटतं." बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ नाही मारली. पेन्सिलीनं एक छोटा गोल काढला आणि विचारलं, "इथं तुला कशाची भीती वाटली?" मी म्हटलं, भीती नाही, मला तिला धीर द्यायचा होता. बाई काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर रिक्षा उलटी घेतल्याचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती जिन्यात बसलेली होती. तू तिच्या शेजारी बसायच्या ऐवजी तिला जिन्याबद्दलची सर्वसाधारण माहिती दिलीस." कार्ल रॉजर्स यांचा १९५७ सालचा तो लेख, बदल घडायला कुठल्या अटी आवश्यक आणि पुरेशा असतात तो, आम्ही सगळ्यांनी पाठ केला होता. समानुभूती, विनाअट स्वीकार, स्वतःशी सच्चेपणा. पण माझ्या हाडात रुतला तो पेन्सिलीचा गोल.

"तुला जे वाटतं तिथं खूण कर" या माझ्या वाक्याभोवती बाईंनी गोल काढला असता.

पीएच.डी.च्या वर्षांत तसा गोल काढणारं कुणी नव्हतं. ही कुणा एका माणसाची तक्रार नाही. माझ्या गाईड मनापासून वाचतात, स्वल्पविरामही सोडत नाहीत. पण रचनाच तशी आहे. आधी पेट ही प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, मग सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग दर सहा महिन्यांनी समितीपुढं प्रगती अहवाल. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, बायकांना वर आणखी २ वर्षांची सवलत. शेवटी दुसऱ्याचं लिखाण उचललंय का ते बघणारी साम्य-तपासणी, १० टक्क्यांच्या आत. प्रबंध जमा होऊन शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढला की झालं. या सगळ्या काळात मला विचारलं गेलं की नमुना किती, निवड कशी केली, कुठलं सांख्यिकी तंत्र वापरणार, क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, किती आला. ज्या विषयाचं नावच समुपदेशन आहे त्यात मला एकदाही कुणी विचारलं नाही की मुलांसमोर तू कशी उभी राहतेस. मुलानं काही सांगितलं तर काय करतेस. नीती समितीच्या अर्जात त्यासाठी एक चौकट होती. मी लिहिलं होतं, 'त्रास जाणवणाऱ्या विद्यार्थ्यांना नजीकच्या समुपदेशन सेवेकडं पाठवण्यात येईल.' अर्ज मंजूर झाला. नजीकची सेवा जिल्हा रुग्णालयात, त्या शाळेपासून दोन एसट्या बदलून. प्रत्येक मुलाला मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी दिली होती. दिवसा घरातला फोन बापाबरोबर रानात असतो हे मला माहीत होतं, तरी दिली.

माझी एक मैत्रीण, एम.ए.पर्यंत माझ्या शेजारच्या बाकावर बसलेली, अमेरिकेत शालेय मानसशास्त्रात डॉक्टरेट करते आहे. तिथं १९४९ मध्ये बोल्डरच्या परिषदेत क्लिनिकल मानसशास्त्रासाठी ठरलं की डॉक्टरेट करणारा संशोधकही झाला पाहिजे आणि माणसांबरोबर काम करणाराही. समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्रानंही मग बऱ्याच अंशी तीच वाट धरली. त्यामुळं ती दुसऱ्या वर्षापासून शाळेत जाते, तिची सत्रं ध्वनिमुद्रित होतात, आठवड्याला तिची सुपरवायझर ती ऐकते, आणि प्रबंधाशिवाय पूर्ण एक वर्षाची इंटर्नशिप केल्याखेरीज पदवी मिळत नाही. मी तिला ०११७ बद्दल सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, ती म्हणेल की आमच्याकडं असं होत नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं त्याचा वीस पानी रिपोर्ट झाला असता. आणि झोप त्याला तरी लागली असती की नाही, माहीत नाही." मग म्हणाली, "पण मला माझ्या बाईंनी विचारलं असतं, तू त्याच्या बाकापाशी का गेली नाहीस." हेवा मला त्या वाक्याचा वाटला, इंटर्नशिपचा नाही.

पुनर्चाचणी चार आठवड्यांनी ठरली होती, सहामाही परीक्षा आणि शिक्षकांच्या कामांमुळं ती सहा आठवड्यांवर गेली. दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा त्या वर्गात उभी राहिले. एकेचाळीसपैकी सत्तावीस मुलं. खिडकीजवळचा तिसरा बाक रिकामा, त्याच्यावर कुणीतरी दप्तरं ठेवलेली. वर्गशिक्षकांनी साध्या आवाजात सांगितलं, "टोळ्या गेल्या मॅडम. हंगामी वसतिगृहात काही ठेवलीत, बाकीची आईबापासोबत." ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, उन्हाळ्यातच घेतलेली असते. कोयता ठरलेला असतो, नवराबायको मिळून एक. घरी सांभाळायला कुणी असलं तर पोरं राहतात, नाहीतर तीही जातात, कारखान्याच्या आवारात किंवा फडाशेजारी कोपीत. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. माझे वडील याच पट्ट्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. दसऱ्यानंतर त्यांच्या हजेरीपटात लाल शाईनं लिहिलेले 'गै' वाढत जायचे. रात्री कंदिलाजवळ ते हजेरी पक्की करत बसायचे तेव्हा मी त्या लाल अक्षरांच्या उभ्या ओळी बोटानं मोजायची. दिवाळी संपेपर्यंत काही पानं हिरव्या-निळ्यापेक्षा लालच जास्त दिसायची. कधी कधी वडील गैरहजर मुलांची नावंही हळू आवाजात म्हणायचे, हजेरी घेतल्यासारखी. मी त्यांना कधी विचारलं नाही, कशाला म्हणता. अशा घरात वाढलेल्या मुलीनं पुनर्चाचणी दसऱ्यानंतर जाऊ दिली. चार आठवडे असावेत हे पुस्तकात वाचलं होतं, म्हणून चार आठवडे धरले. माझ्या अंगात असलेलं कॅलेंडर मी बाजूला काढून ठेवलं आणि पुस्तकातलं लावलं.

तीन शाळा मिळून पुनर्चाचणीसाठी १२० मुलं हवी होती, ८३ मिळाली. बाकीची ३७ म्हणजे आमच्या भाषेत 'मिसिंग डेटा'. त्याचं रीतसर शास्त्र आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये त्याची घडी बसवली: माहिती कशी आणि का गहाळ झाली यावर उरलेल्या माहितीतून काय म्हणता येईल ते ठरतं. योगायोगानं गेलेली वेगळी, ज्या गोष्टीमुळं गेली तिचाच मागोवा आपण घेत असू तर ती वेगळी. मुलाच्या मनावरचा ताण मोजताना ज्यांचा संसारच चाकांवर चढला आहे तीच मुलं गहाळ होत असतील, तर त्याला योगायोग कसं म्हणायचं? पण सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ज्याची दोन्ही वेळची उत्तरं नाहीत ती ओळ वगळा. दाबलं की ०११७ ची ओळ जाते, आवाजही होत नाही. विश्वसनीयता छान आली, .८१. समितीत सगळ्यांना आवडली. ज्यांचं आयुष्य सहा आठवडे जागच्या जागी राहू शकलं त्यांच्यात माझी श्रेणी स्थिर होती, एवढाच त्याचा अर्थ होता.

नंतर विधानांचं विश्लेषण केलं. प्रत्येक विधानाचा एकूण गुणांशी सहसंबंध किमान .३० असावा असा सर्वसाधारण संकेत पाळतात. विधान २३ चा आला .११. म्हणजे हे विधान बाकीच्यांशी जुळत नाही, वगळावं. मी यादी पुन्हा बघितली. खाली घसरलेली पाच विधानं होती आणि पाचही नकारार्थी. 'मला मोकळेपणानं बोलता येत नाही.' 'मला वर्गात लक्ष देता येत नाही.' तशीच आणखी. त्या मुलासारखी कितीतरी मुलं 'कधीच नाही' मराठीत वाचत होती आणि कितीतरी माझ्यासारखी वाचत होती, आणि दोघांची उत्तरं एका खान्यात पडून एकमेकांना खाऊन टाकत होती. पद्धतीप्रमाणं वागले असते तर पाचही विधानं गाळून श्रेणी आणखी सुबक झाली असती. झोपेचा प्रश्नच नसलेली, मुलांच्या ताणाची श्रेणी.

ती पाच मी वगळली. हे खरं आहे. पण त्यांच्या जागी मुलाखतींच्या वहीतून पाच विधानं परत आणली, 'रात्री मला मध्येच जाग येते' हे पहिलं, आणि नवीन नमुन्यावर सगळं पुन्हा करायला घेतलं. त्यात दीड वर्ष गेलं, फेलोशिपची मुदत संपली, माझ्या मुलाची दहावी आली. यावेळी मी कागद हातात देऊन उभी राहिले नाही. प्रत्येक विधान मोठ्यानं वाचलं, खान्यांऐवजी दिवस विचारले: गेल्या आठवड्यात किती रात्री? गहाळ मुलांसाठीही एक प्रकरण लिहिलं, त्यांची पहिल्या वेळची उत्तरं राहिलेल्या मुलांशी ताडून. गेल्या महिन्यात प्री-सबमिशनला, म्हणजे प्रबंध जमा करण्याआधीच्या सादरीकरणात, एका बाहेरच्या सरांनी विचारलं की पहिल्या मसुद्यातली नकारार्थी विधानं काढायचं कारण काय. मी पडद्यावरचा तक्ता दाखवला, .११ वर लेसर टेकवला, मराठीतल्या नकाराबद्दल सांगितलं. सरांना ते पटलं, त्यांनी टिपूनही घेतलं. बोलताना माझा आवाज एकदा बारीक झाला तो बहुतेक कुणाच्या लक्षात आला नसावा. कारण खरं कारण तक्त्यात नव्हतं.

२०२४ च्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, मी त्या गावी गेले होते. संशोधनाचं काम नव्हतं, कागद नेले नव्हते. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, ०११७ च्या आईची परवानगी घेतली. ती दारातच कपडे वाळत घालत होती, म्हणाली, बोला की, बोलायला काय. इथं मी त्याच्या ओळखीच्या काही खुणा बदलल्या आहेत, पण तो जे बोलला ते बदललेलं नाही. मधल्या सुट्टीत कडुलिंबाखालच्या ओट्यावर तो येऊन बसला. उंच झाला होता. दोन्ही तळहातांवर उसाच्या पात्यांचे बारीक पांढरे चरे. आधी त्यानंच विचारलं, "परत फारम भरायचाय का?"

मी म्हटलं, नाही. मागच्या वेळी तू मला एक विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

त्याला आठवत नव्हतं. मी त्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तो पायानं निंबोळ्या ढकलत बसला. मी गप्प राहिले. पोरं नळावर ताटल्या धूत होती, एक ताटली सिमेंटवर घरंगळत गेली आणि तिचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिकडं बघत राहिलो. मग तो म्हणाला, "आजीला दमा हाय. आई-दादा वरच्या कामाला गेले की मी आन् आजीच. ती खोकत असली की झोप लागायची. गप झाली की उठून बघाय लागायचं."

"काय बघायचास?"

"हात धरायचा नाकापाशी." त्यानं स्वतःच्या नाकापुढं तळहात धरून दाखवला.

आणि तिकडं, फडावर? मला वाटलं होतं, तिकडं आणखी हाल असतील. गाडी भरायला रात्री दोनला, तीनला उठवतात, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "तिकडं झोप लागायची. एकदम. आई व्हती ना बाजूला." मग थोड्या वेळानं, "आजीला आत्याकडं ठिवलंय आता."

घंटा झाली. तो उठला, दोन पावलं गेला आणि वळला. माझी वही पिशवीतच होती, तरी त्यानं पिशवीकडं बघून विचारलं, "ह्ये लिहिनार का?"

"तुला चालणार असेल तरच."

त्यानं विचार केला. नळावरून कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"लिहा," तो म्हणाला. "नाव नका लिहू. दम्याचं लिहा."